परत सांगा

मान डोलावण्यात घुमीच्या आईचा हात धरणारं भट्टीवर कोणी नव्हतं. मुकादम बोलला की मान, मालकाची गाडी आली की मान, दवाखान्यातली नर्स काही सांगू लागली की तिचं वाक्य संपायच्या आत दोनदा मान. दोन नद्या ओलांडून पलीकडच्या मुलखातून ही माणसं विटा थापायला आली, त्याला सहा वर्षं होऊन गेली होती, पण इथली भाषा काही तिच्या अंगी लागली नव्हती. नवऱ्याचीही तीच गत. वीट थापायला भाषा लागतेच कुठे? चिखल सगळ्यांच्या हाताला सारखाच चिकटतो. मान डोलावली की समोरचा माणूस खूश होऊन निघून जातो, एवढं शहाणपण तिला पुरत होतं.

ते शहाणपण अंगाशी आलं शाळेची परीक्षा संपली त्या दिवशी. मोठ्या गुरुजींनी तिला बोलावून घेतलं होतं. चिखलाचे पाय बाहेरच्या नळावर धुऊन, पदर नीट करून ती त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. शेजारी आठ वर्षांची पोर, भिंतीकडे बघत. गुरुजी चांगली दोन-तीन मिनिटं बोलले. आवाज चढा नव्हता, उलट मायेचाच वाटला, म्हणून तिनं नेहमीपेक्षा जास्तच मान डोलावली. त्यांनी कागद पुढे केला, तिनं अंगठा दिला, आणि मोठं काम उरकल्यासारखी ती घरी आली.

संध्याकाळी शेजारीण आली. ती बारा वर्षं भट्टीवर काढलेली, दोन्ही भाषा बोलणारी, आणि दुसऱ्याच्या घरातली बातमी स्वतःच्या घरातल्या मिठासारखी सांभाळणारी. तिनं विचारलं, "अगं, तू पोरीला परत पहिलीत बसवायला हो कसं म्हणालीस?"

घुमीच्या आईला आधी वाटलं, चेष्टा करतेय. मग कळलं. पोरगी वर्गात तोंड उघडत नाही, विचारलेलं हिला येतंय की नाही तेच समजत नाही, तर आणखी एक वर्ष पहिलीत बसवू का, असं गुरुजी विचारत होते. आणि ही नंदीबैलासारखी मान हलवत होती. पोरीची पहिलीतली दोन वर्षं झालीच होती, आता हे तिसरं. तिच्याबरोबरची पोरं पाढे म्हणायला लागली आणि ही दुधाचे दात पडणाऱ्या पोरांत पाय दुमडून बसणार.

नवऱ्यानं ऐकून घेतलं. तो रागावला नाही, ते जास्त वाईट होतं. तो म्हणाला, "मग काढून टाकू शाळेतून. तीन-तीन वर्षं एकाच जागी बसायचं, तर इथं विटा तरी पालटेल."

त्याचंही काही चूक नव्हतं, कारण विटा पालटायला घरात तिसरं माणूस लागतच होतं. थापायचं काम दोघांचं. नवरा चिखल मळून गोळे करायचा, बायको साच्यात राख भुरभुरून गोळा आपटायची, वरून हात फिरवायची आणि साचा पालथा करून वीट जमिनीवर सोडायची. पण ओल्या विटेचं नुसतं थापून भागत नाही. ती आडवी पडून एका अंगानं सुकली की तिला पालटायची, मग उभी करायची. हे काम हलक्या हाताचं, नाहीतर कोपरे जातात. घुमीचे हात त्यासाठी देवानं मापानं दिल्यासारखे होते. पोरगी बोलत नव्हती, पण तिच्या हातून विटेचा कोपरा कधी गेला नव्हता. घुमी हे नावही भट्टीनंच ठेवलं होतं. घरी आईशी ती दोन शब्द बोलायची, बाहेर तेही नाही.

चार दिवसांनी शेजारणीनंच बातमी आणली. शाळेची धाकटी बाई सुट्टीत भट्टीवर वर्ग घेणार होती. भुशाची पोती ठेवायची पत्र्याची शेड मालकानं दिली होती. तीन आठवडे, रोज सकाळपासून दुपारपर्यंत. शेवटच्या दिवशी मोठे गुरुजी स्वतः येऊन पोरांचं बोलणं ऐकणार, आणि जी पोरं बोलतील त्यांना पुढच्या वर्गात घेणार. आधीच्या कागदाचं काय, असं घुमीच्या आईनं विचारलं. शेजारीण म्हणाली, कागद काय, फाडला की फाटतो.

त्या रात्री नवरा-बायकोत फार बोलणं झालं नाही. ती इतकंच म्हणाली, की सकाळच्या विटा ती स्वतः पालटेल, थापण्यात खंड पडू देणार नाही. त्यानं विचारलं, "हात किती आहेत तुला?" ती म्हणाली, दोन, पण ते लवकर उठतात.

धाकटी बाई म्हणजे पंचविशीची, सायकलवरून येणारी, शिंप्याची लेक. शाळेनं तिला सुट्टीच्या वर्गासाठी खडूची एक पेटी दिली होती आणि पुष्कळ शुभेच्छा. बाकीचं सामान तिनं गोळा केलं. बापाच्या दुकानातल्या चिंध्यांचा चेंडू शिवला. वाण्याकडून रिकामे खोके आणून त्यांचे पत्ते कापले. एका पत्त्यावर चित्र, दुसऱ्यावर त्याचं नाव, आणि शेडच्या दोन खांबांना सुतळी बांधून त्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ते पत्ते टांगले. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत ती काहीबाही टाकायची, चमचा, दोरी, कुलूप, कांदा, आणि पोरांनी डोळे मिटून आत हात घालायचा, हाताला लागेल त्याचं नाव सांगायचं. चौदा पोरं होती. पहिल्याच वेळी गोणीतला कांदा तिघांनी ओळखला आणि चौथ्यानं खाल्ला.

घुमीच्या आईला हे सगळं थापायच्या जागेवरून दिसायचं. शेडला तीनच भिंती होत्या. वीट सोडून ती कमरेत सरळ झाली की नजर तिकडे जायची. पोरं उड्या मारताना दिसत, चेंडू फेकताना दिसत, आणि ती मनात म्हणे, हा वर्ग आहे की पोरखेळ? नवराही एकदा चिखल मळता मळता थांबून म्हणाला, की खेळायलाच पाठवायचं होतं तर विटांवर काय वाईट होती.

पहिल्या दिवसाचा खेळ चेंडूचा होता. बाई मुद्दाम भरभर, अवघड काहीतरी बोलायची आणि चेंडू फेकायची. ज्यानं झेलला त्यानं म्हणायचं, "कळलं नाही, परत सांगा." मग बाई तेच हळू सांगायची, हातवारे करून. पण झेलणाऱ्यानं कळल्याचं सोंग करून नुसती मान हलवली, तर तो आऊट. पहिल्या फेरीत चौदाच्या चौदा आऊट झाले. आयांचीच पोरं ती.

दुपारी घुमी आईच्या मागे ओळीत विटा पालटायला लागली आणि मध्येच इथल्या भाषेत पुटपुटली, "कळलं नाही, परत सांगा." आई वळली. पोरीनं मान खाली घातली. आईनं अर्थ विचारला, पोरीनं घरच्या भाषेत सांगितला, आणि मग हळूच म्हणाली, की आईनंही म्हणून बघावं.

आईला ते भलतंच वाटलं. मोठ्या माणसाच्या तोंडावर, मला कळलं नाही, परत बोला, असं म्हणायचं? मुकादमाला? मालकाला? ती म्हणाली, हे पोरांपुरतं ठीक आहे, आमच्यासारख्यांनी असं म्हटलं तर साहेब म्हणतील बाई माजली. पण पोर रोज दुपारी ते वाक्य म्हणायची आणि आईकडे बघायची. पाचव्या-सहाव्या दिवशी, आसपास कोणी नाही असं बघून, आईनं एका ओल्या विटेला ते म्हणून बघितलं. विटेनं काही उत्तर दिलं नाही. पोरगी मात्र हसली, आणि तिचं हसणं किती दिवसांत ऐकलं नव्हतं हे आईच्या तेव्हा ध्यानात आलं.

मग ती सवयच पडली. सकाळी वर्गात जे झालं ते दुपारी ओळीत. घुमी बोट दाखवून शब्द सांगायची, आई मागून म्हणायची. चिखल, साचा, वीट, भट्टी. आई चार शब्दांवर अडली ती अडलीच. पाचवा आला की पहिला निसटायचा. पालथ्या घड्यावर पाणी, असं तीच स्वतःला म्हणायची.

पण वर्गात घुमी अजूनही गप्पच होती. बाईनं नक्कल करायचा खेळ काढला, एकानं न बोलता काम करून दाखवायचं, बाकीच्यांनी काय ते सांगायचं. त्यात घुमी सगळ्यांत पुढे. तिनं हवेतच चिखल मळला, हवेतच साचा आपटला, कमरेवर हात ठेवून आईसारखा उसासा टाकला, आणि सगळी शेड हसली. बाईनं संध्याकाळी येऊन आईला हे कौतुकानं सांगितलं, शेजारणीनं अर्थ सांगितला. आई ओशाळली आणि खूशही झाली. मग तिनं शेजारणीकरवी विचारलं, बोलते का? बाई म्हणाली, अजून नाही.

दुसऱ्या आठवड्यात अवेळी ढग आले. पाऊस नव्हता, नुसतं झाकोळलेलं आभाळ आणि दमट वारा, पण भट्टीवाल्यांची धावपळ उडायला तेवढं पुरतं. विटा सुकेनात. सुकलेल्या आत रचायच्या, ओल्यांवर प्लास्टिक टाकायचं, जरा ऊन डोकावलं की प्लास्टिक काढून पालटायच्या, परत झाकायच्या. सगळ्या घरांनी आपापली पोरं ओळीत आणली. शेड रिकामी झाली. नवऱ्यानं घुमीला हाक मारली तेव्हा आईनंच तिच्या हातात प्लास्टिकचं टोक दिलं. विटा विरघळल्या तर महिन्याचं काम मातीला मिळालं असतं.

बाई सायकलवरून आली, रिकाम्या शेडमध्ये उभी राहिली, आणि मग चपला काढून ओळीत उतरली. घुमीच्या आईला वाटलं, आता ही बोलणार, पोरांना का अडकवलं म्हणून. बाईनं पदर खोचला आणि वीट पालटली. पहिल्याच विटेचा कोपरा गेला. दुसऱ्या विटेचाही. तिसऱ्या विटेला घुमी उठली, बाईचे दोन्ही हात धरून विटेच्या खाली कसे घालायचे ते तिनं दाखवलं, आणि नंतर कितीतरी वेळ ती बाईच्या शेजारीच बसून काम करत राहिली.

वर्ग तिथंच सुरू झाला. एक वीट पालटायची, एक शब्द म्हणायचा. जो शब्द आधी येऊन गेला तो चालायचा नाही. ओळीच्या या टोकाकडून त्या टोकापर्यंत पोरांचे आवाज जात राहिले, पाणी, पाय, पत्रा, पाल, आणि मोठी माणसं प्लास्टिक ओढता ओढता ऐकत राहिली. बाईनं खिळ्यानं एका ओल्या विटेच्या खालच्या अंगावर अक्षरं काढली, मग पोरांनी खिळा मागून घेतला. मुकादम धावत आला. हे काय चाललंय, असल्या विटा कोण घेणार, असं तो म्हणाला. बाई म्हणाली, अक्षर भिंतीच्या आत जाईल, बाहेरून कोणाला दिसणार आहे? मुकादमानं डोकं खाजवलं आणि तो पुढच्या ओळीवर ओरडायला गेला. घुमीच्या तोंडचा शब्द बाईला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. आवाज बारीक होता, पण होता.

आभाळ तिसऱ्या दिवशी उघडलं. विटा वाचल्या. शेवटचा आठवडा भराभर गेला, आणि बाईनं शेवटच्या दिवसाचं काम सांगितलं, की प्रत्येकानं घरची एक वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल पाच वाक्यं सांगायची. कोणी कंदील आणणार होतं, कोणी कोंबडी. घुमी घरी येऊन म्हणाली, साचा.

आईनं नवऱ्याकडे बघितलं. साचा घरात एकच होता, दोन विटांचा, जुन्या लाकडाचा, मुठी घासून गुळगुळीत झालेला. तो शेडमध्ये गेला की त्या सकाळी थापणं बंद. नवऱ्यानं साच्याच्या मुठींवरून हात फिरवला. मग उठला, साचा हौदावर नेऊन त्यानं स्वतः धुतला, कोपऱ्यांतला वाळका चिखल काडीनं काढला आणि आपल्या अंगावरच्या पंच्यानं पुसून ठेवला. म्हणाला, "जड आहे. तू घेऊन जा तिच्याबरोबर. आपटू नका." आणि मग म्हणाला, की एक सकाळ फक्त, आणि तिथं गप्प बसली तर उद्यापासून ओळीत.

मोठ्या गुरुजींसाठी मुकादमाच्या खोलीतली खुर्ची आणली होती. पोरं एकेक करून उभी राहिली. कंदीलवाल्यानं पाच वाक्यं सांगितली, त्यातली तीन एकच होती, पण चाललं. कोंबडीवाल्याची कोंबडी सुटली आणि ती धरण्यात दोन वाक्यं त्याच्या तोंडून आपोआप निघाली. घुमीची आई शेडच्या तोंडाशी उभी होती. पाय धुतले होते तरी आत यायचं तिच्या मनात नव्हतं.

घुमीचा नंबर आला. ती साच्यामागे उभी राहिली, दोन्ही हात मुठींवर. आणि गप्प. बाईनं मान वाकवून तिच्याकडे बघितलं, काही सुचवलं नाही. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. कोंबडी कॉक कॉक करत राहिली. गुरुजींनी हातातल्या कागदांमधला एक वर काढला. घुमीच्या आईनं तो ओळखला. खाली तिचाच अंगठा होता.

ती कशी आत गेली हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. ती साच्याजवळ जाऊन वाकली, हवेत गोळा आपटला आणि जे चार शब्द तिच्याजवळ होते ते तिनं सगळ्यांसमोर टाकले. "चिखल," ती म्हणाली. "साचा. वीट." आणि मग हात बाहेर धुराड्याकडे करून, "भट्टी."

पोरं हसली नाहीत. घुमी आईकडे वळली. तिचा चेहरा ओळीत कोणी कोपरा घालवला की व्हायचा तसा झाला होता.

"नाही," घुमी म्हणाली. इथल्या भाषेत, स्वच्छ. "आधी वाळवायची. ओली वीट भट्टीत घातली तर फुटते."

सगळी शेड तिच्याकडे बघत होती. घुमीला त्याचं भान नव्हतं. एवढी मोठी चूक अर्ध्यावर सोडून देणं तिला जमण्यासारखं नव्हतं. ती सांगत गेली, की आधी आडवी ठेवायची, मग पालटायची, मग उभी करायची, दोन विटांच्या मध्ये बोटभर जागा सोडायची, वारा गेला पाहिजे. गुरुजी पुढे झुकले. त्यांनी विचारलं, किती दिवस लागतात?

"ऊन असलं तर चार," घुमी म्हणाली. "ढग आले तर सांगता येत नाही."

"आणि पालटतं कोण?"

"मी."

गुरुजी खुर्चीत मागे टेकले. त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि दुसरा कोरा काढून त्यावर काहीतरी लिहिलं. मग घुमीच्या आईकडे वळून ते बोलायला लागले. चांगलं लांबलचक बोलले, भरभर. आवाज मायेचा होता. बोलून झाल्यावर त्यांनी कागद आणि शाईची डबी पुढे केली.

तिची मान निघालीच होती. सहा वर्षांची सवय, हनुवटी छातीपर्यंत गेलीसुद्धा. तिथं तिनं ती अडवली. कान तापले, पायाच्या अंगठ्यानं ती जमीन उकरत राहिली. चौदा पोरं तिच्याकडे बघत होती.

"कळलं नाही," घुमीची आई म्हणाली. "परत सांगा."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. रागावले असं वाटलं नाही, जरा वरमल्यासारखे दिसले. या वेळी ते थांबत थांबत, एकेक गोष्ट बोटांवर मोजत बोलले. पोरीला दुसरीत घेतो. पण रोज पाठवायची. विटा पालटायला घरी ठेवायची नाही. जमेल का? रोज आणि विटा हे शब्द तिला लागले, उरलेलं तिनं घुमीकडे बघून विचारून घेतलं. मग ती विचारात पडली. सकाळच्या ओळी डोळ्यांसमोर आल्या, तिची स्वतःची कंबर आली, नवऱ्याचा चेहरा आला. होकार द्यायचा तर पुरा करावा लागेल असा होकार तिनं या मुलखात अजून कोणाला दिला नव्हता. तिनं घुमीला घरच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि घुमी गुरुजींना म्हणाली, "सकाळी शाळा. रोज. शाळा सुटल्यावर विटा. ढग आले तर बाईंना सांगून."

गुरुजींनी मान डोलावली.

घुमीची आई अंगठा शाईत बुडवून तशीच उभी राहिली. नुसत्या मानेची किंमत तिच्याइतकी कोणाला ठाऊक होती? ती गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी बाईच हसून म्हणाली, "गुरुजी, तोंडानं सांगा."

"बरं," गुरुजी म्हणाले. "दुसरी. कबूल."

मग तिनं अंगठा उठवला.

साचा दोघींनी मिळून परत आणला. नवऱ्यानं चिखल मळून ठेवला होता, वर ओलं पोतं टाकून तो बसला होता. त्यानं आधी साच्याचे कोपरे तपासले. मग विचारलं, काय झालं. बायकोनं सगळं सांगितलं, रोजची शाळा, शाळेनंतरच्या विटा, सगळं. तो ऐकत गेला तशा त्याच्या भुवया चढत गेल्या.

"आणि सकाळी कोण पालटणार? मी?" त्यानं विचारलं.

ती साच्यात राख भुरभुरत होती. मान वर न करता ती इथल्या भाषेत म्हणाली, "कळलं नाही, परत सांगा."

त्याला त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यानं तिच्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मान डोलावली.

घुमी ओळीतून उठून उभी राहिली. सगळ्या भट्टीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "बाबा आऊट."